ख्रिस्ती उपास आणि प्रार्थना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, जवळ आला की हे प्रश्न हमखास येतात. काही पहिल्यांदा उपास करणाऱ्या तरुणांचे असतात, काही लग्न होऊन ख्रिस्ती घरात आलेल्या सुनांचे, तर काही वर्षानुवर्षं उपास करून आता त्यात राम वाटेनासा झालेल्यांचे. उत्तरं लिहिणारा प्रॉटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) वाढला आहे. कॅथलिक आणि केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रथा जिथे वेगळ्या आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

ख्रिस्ती माणसाने उपास केलाच पाहिजे का?

नव्या करारात अमुक दिवशी उपास करा अशी आज्ञा सापडत नाही. मोशेच्या नियमशास्त्रातही सक्तीचा उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा (लेवीय 16). पण डोंगरावरच्या प्रवचनात येशू दान, प्रार्थना आणि उपास ही तिन्ही एका दमात घेतो आणि शिष्य हे करणारच असं धरून चालतो (मत्तय 6). पुढे योहानाचे शिष्य विचारतात, आम्ही उपास करतो, तुमची माणसं का करत नाहीत? तेव्हा तो म्हणतो की नवरदेव मांडवात असताना वऱ्हाडी उपाशी कसे राहतील. नवरदेव त्यांच्यातून नेला जाईल, मग करतील (मत्तय 9).

त्याप्रमाणे त्यांनी केलाही. ‘डिडाखे’ नावाची अगदी सुरुवातीच्या काळातली एक छोटी शिकवण-पुस्तिका आहे. तिच्यात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार दिले आहेत. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली आणि त्याचे ऑक्सफर्डमधले सोबती हेच दोन वार धरून दुपारी तीनपर्यंत उपाशी राहत. उलट बाजूचं उदाहरणही प्रसिद्ध आहे. 1522 च्या लेंटमध्ये झुरिक शहरात फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी त्याच्या माणसांनी मुद्दाम सॉसेज खाल्ले. तिथला धर्मसुधारक त्झ्विंग्ली हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचन करून त्यांची बाजू घेतली: माणसाने घातलेल्या नियमाने विवेक बांधता येत नाही. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ही गोष्ट फार आवडते. मात्र सक्ती नाही म्हणून जन्मात एकदाही उपास न करणं आणि त्याला ख्रिस्ती स्वातंत्र्य म्हणणं, हे जरा सोयीचंच आहे.

साबुदाण्याची खिचडी चालते का? वऱ्याचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी?

महाराष्ट्रात हा प्रश्न येणारच. ख्रिस्ती उपासात ‘उपासाचे पदार्थ’ अशी यादीच नाही. तांदूळ बाटवतो आणि वरई पावन करते असं आपण मानत नाही. त्यामुळे खिचडी खाल्ल्याने काही बिघडत नाही आणि काही साधतही नाही. तुपातली खिचडी, वर दही, सोबत रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी बटाट्याचे पापड असा बेत असेल, तर मग एकादशी आणि दुप्पट खाशी.

प्रकृतीमुळे थोडं खावंच लागत असेल तर रोजचंच अन्न थोडं खा. भाकरी आणि वरण. वेगळा स्वयंपाक मांडू नका, कारण मग उपास तुमचा आणि राबणूक घरातल्या बाईची.

मग न खाणं म्हणजे नेमकं किती न खाणं?

शास्त्रात एकच साचा नाही. एस्तेर राणीने आणि शूशन नगरातल्या यहुद्यांनी तीन दिवस अन्न आणि पाणी दोन्ही सोडलं (एस्तेर 4). दानीएलाने तीन आठवडे चमचमीत अन्न, मांस आणि द्राक्षारस एवढंच सोडलं, जेवण नाही (दानीएल 10). निनवेच्या राजाने तर गुराढोरांनाही चारापाणी देऊ नका असा हुकूम काढला (योना 3). मी माझ्यापुरता आणि विचारणाऱ्यांपुरता साधा हिशोब ठेवतो: एक किंवा दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणी सोडायचं नाही. आपल्याकडे लेंट संपता संपता उन्हाळा लागलेला असतो. अशात कोरडा उपास करू नका, विशेषतः बाहेर उन्हात काम असेल तर.

कॅथलिकांचे नियम काय आहेत?

तिथे नियम लिखित आहेत. राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपासाचे. त्या दिवशी एक पोटभर जेवण, आणि गरज पडली तर दोन वेळा थोडं खाणं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. हे 18 वर्षं पूर्ण झालेल्यांपासून 59 वर्षं पूर्ण होईपर्यंत लागू आहे. मांसवर्ज्य त्याहून वेगळं: ते 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून आणि तत्त्वतः वर्षातल्या सगळ्या शुक्रवारी. इतर शुक्रवारी मांस सोडण्याऐवजी दुसरं काही तप करायची मुभा देशोदेशीच्या बिशप परिषदा देऊ शकतात, म्हणून आपल्या धर्मप्रांतात काय ठरलं आहे ते आपल्या फादरांना विचारावं.

ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घेण्याआधी एक तास काही खायचं नाही, हा आणखी एक छोटा उपास. पाणी आणि औषध त्याला मोडत नाही. जुन्या पिढीतल्या आज्यांना मध्यरात्रीपासून काहीही न घेता मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेल्याचं आठवतं, ते खरंच आहे. तेव्हाचा नियम तसाच होता. पन्नाशीच्या दशकात तो सैल झाला आणि 1964 मध्ये एका तासावर आला.

मांस चालत नाही, मग मासे कसे चालतात?

कारण जुन्या युरोपात जमिनीवरच्या प्राण्यांचं मांस हे सणाचं, चैनीचं अन्न होतं आणि मासा तुलनेने साधा. वसईत किंवा गोव्यात हे गणित उलटं बसतं. शुक्रवारी चिकन नाही म्हणून बाजारातून पापलेट आणलं, तर नियम अक्षरशः पाळला गेला आणि खिसा रोजच्याहून जास्त हलका झाला. ज्याच्या ताटात रोजच मासा, त्याने शुक्रवारी तोही सोडायला कोणाची हरकत नाही. हा नियम नाही, माझं मत.

लेंटचे दिवस चाळीस की सेहेचाळीस?

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर 46 होतात. त्यातले सहा रविवार वजा करायचे, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा वार आणि त्या दिवशी उपास नसतो. उरले 40. हा आकडा येशूच्या अरण्यातल्या दिवसांवरून आला. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला, उत्तम शुक्रवार 26 मार्चला आणि ईस्टर 28 मार्चला आहे.

मुंबई-पुण्यातल्या मल्याळी सिरियन शेजाऱ्यांचा हिशोब वेगळा असतो. त्यांचा मोठा उपास पन्नास दिवसांचा म्हणून ओळखला जातो, तो सोमवारी सुरू होतो, आणि त्यात मांस, मासे, अंडी, दूध असं बरंच काही वर्ज्य असतं. त्याआधी तीन आठवडे निनवेच्या लोकांची आठवण म्हणून तीन दिवसांचा उपास असतो.

मी पहिल्यांदाच करणार आहे. एक दिवस कसा घालवू?

सुट्टीचा दिवस शोधत बसू नका. सुट्टीच्या दिवशी घरात सारखं काहीतरी तळलं जात असतं.

आदल्या रात्री नेहमीएवढंच जेवा. उद्या उपाशी राहायचं म्हणून आज दोन पोळ्या जास्त, असं करू नका. झोपण्याआधी उपास कशासाठी आहे ते एका ओळीत लिहून ठेवा. ‘आशीर्वादासाठी’ असं मोघम नको. ‘भावाशी तीन वर्षं बोललो नाही, त्याच्याशी बोलायचं बळ मिळावं म्हणून’ असं काहीतरी लिहा. दिवसभर हीच ओळ हाताशी लागते.

सकाळी उठून पाणी प्या, आंघोळ करा, तेल-कंगवा नेहमीसारखा. तोंड पाडून फिरू नका असं येशूने बजावलंच आहे. नाश्त्याची दहा-पंधरा मिनिटं वाचली, त्यात स्तोत्र 63 वाचा. रुक्ष, निर्जल देशात तहानलेल्या जिवाचं ते स्तोत्र आहे. भरल्या पोटी वाचलेलं आणि रिकाम्या पोटी वाचलेलं एकसारखं लागत नाही. सकाळ सहसा सोपी जाते.

खरा कस दुपारी एकला. ऑफिसात डबे उघडतात, कोणीतरी झाकणात वांग्याची भाजी काढून तुमच्याकडे सरकवतं आणि “घे ना, आईने केलीय” म्हणतं. तेव्हा उपासाचं व्याख्यान देऊ नका. “आज नको, उद्या नक्की” एवढं पुरतं. मग उठा आणि जेवणाची वेळ प्रार्थनेला द्या: जिन्यात, गच्चीवर, पार्क केलेल्या गाडीत, जिथे जागा मिळेल तिथे. हा अर्धा तास मोबाइलमध्ये गेला तर तुम्ही फक्त उपाशी राहिलात.

तीन-चारच्या सुमारास चिडचिड होते. ही बाब कोणी सांगत नाही म्हणून सांगतो: त्या दिवशी तुमच्या तोंडून जे बाहेर पडतं ते उपासाने आत घातलेलं नसतं, आधीपासून असतंच. रोज ते वेळेवर मिळणाऱ्या चहा-बिस्किटाखाली दबलेलं असतं. संध्याकाळच्या प्रार्थनेला विषय मिळाला असं समजा. स्तोत्र 51 त्या वेळेसाठी ठेवा. दिवेलागणीनंतर घरच्यांसोबत बसून जेवा.

भूक लागली की प्रार्थनेतलं लक्ष उडतं. आणि तासभर बोलायचं तरी काय?

तासभर बोलायची गरज नाही. भूक लागते ती लाटेसारखी येते, पाच-दहा मिनिटांत ओसरते. ती आली की एकच छोटी प्रार्थना म्हणा. पूर्वेकडच्या चर्चमध्ये शतकानुशतकं म्हटली जाणारी एक आहे: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. श्वासाबरोबर म्हणता येते, लोकलमध्ये उभ्या उभ्याही म्हणता येते.

बसून प्रार्थना करायची असेल तर आधी शास्त्रातला एखादा उतारा वाचा, मग त्यातल्याच शब्दांनी सुरुवात करा. नंतर नावं घ्या. आजारी शेजारी, नोकरी गेलेला मित्र, ज्याच्याशी पटत नाही तो साहेब. वहीत नावं लिहून ठेवली की “सगळ्यांना आशीर्वाद दे” अशी पळवाट राहत नाही. नंतर थोडा वेळ गप्प बसा. गप्प बसणं सर्वांत अवघड जातं, आमच्या मंडळ्यांत तर फारच. दोन मिनिटं शांतता झाली की कोणीतरी कोरस सुरू करतोच.

भाषेबद्दल एक. पुष्कळजण प्रार्थनेला बसले की त्यांची मराठी बदलते, ‘हे परमदयाळू, परमकृपाळू’ अशी लांबलचक होते. सामुदायिक उपासनेत ते शोभतं. एकट्याने बोलताना घरात बोलता तसं बोला. वसईचा माणूस आपल्या सामवेदी बोलीत बोलला तरी देवाला दुभाषा लागत नाही. शब्द सुचतच नसतील तर येशूने शिकवलेली प्रार्थना अगदी सावकाश म्हणा, एकेका वाक्यावर थांबत. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे वाक्य उपासाच्या दिवशी घशात अडकतं. नारायण वामन टिळकांचे अभंग पाठ असतील तर तेही म्हणा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही हा माणूस तुकोबांच्या चालीतच देवाशी बोलत राहिला, त्यामुळे ते मराठी जिभेवर सहज बसतात.

चहा चालतो का?

चालतो, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने एकदम चहा बंद केला की बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, ते कॅफीन तुटल्यामुळे. त्या ठणक्यात प्रार्थना होत नाही. सोडायचाच असेल तर आठवडाभर आधी एकेक कप कमी करत आणा.

मला डायबिटीस आहे. मी काय करू?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. दरदरून घाम, हात थरथरणं, गोंधळल्यासारखं होणं, अशी लक्षणं दिसली किंवा मशीनवर 70 च्या खाली आकडा आला, तर तिथल्या तिथे तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्या. तोंडात साखर घातल्याने पाप लागत नाही. गोळी आपल्या मनाने बंद करणं हाही उपाय नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, किडनीचे रुग्ण, खाण्याशी ज्यांचं नातं आधीच आजारलेलं आहे असे तरुण-तरुणी, यांनी अन्नाचा उपास करू नये. हे लोक एरवीही पुष्कळ सोसत असतात. त्यांनी त्या दिवशी प्रार्थनेची वेळ वाढवावी, जेवणात गोडधोड टाळावं, तेवढं पुरे.

21 किंवा 40 दिवस फक्त पाण्यावर उपास करा, चमत्कार होईल, असं एका सभेत सांगितलं. करू का?

नका करू. मोशे, एलीया आणि येशू यांच्या चाळीस दिवसांच्या गोष्टी शास्त्रात आहेत, पण इतरांनी त्यांची नक्कल करावी असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. लांब उपास जितका धोक्याचा, तितकंच त्यानंतर एकदम जेवणं धोक्याचं. रक्तातले क्षार बिघडून हृदयावर परिणाम होऊ शकतो. वैद्यकीय देखरेखीशिवाय एका दिवसाच्या पुढे जाऊ नये, असं मी प्रत्येकाला सांगतो. चाळीस दिवस काही करायचंच असेल तर रोज एक वेळ जेवण सोडा, किंवा मांस आणि गोड सोडा.

आणि ‘चमत्कार होईल’ या शब्दांपासून सावध राहा.

का? उपास केल्याने देव लवकर ऐकतो असं नाही का?

आपल्याकडे मागणी मान्य करून घ्यायची एक रीत आहे. तहसील कचेरीसमोर मंडप टाकायचा, आमरण उपोषणाला बसायचं, प्रकृती खालावली की सरकार हलतं. पुष्कळांचा उपास देवाच्या दारातला असाच मंडप असतो. बाहेरून फरक दिसत नाही, मनातला असतो.

दावीदाचं मूल आजारी पडलं तेव्हा तो सात दिवस जमिनीवर पडून राहिला, अन्नाला शिवला नाही. मूल गेलं. आता राजाला सांगायचं कसं म्हणून सेवक कुजबुजत होते. त्याने ओळखलं, उठला, आंघोळ केली, तेल लावलं, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केलं, मग घरी येऊन जेवायला मागितलं (2 शमुवेल 12). ज्याने उपास करूनही मागितलेलं मिळालं नाही, त्याने हा अध्याय वाचावा. “तुझा विश्वास कमी पडला” असं सांगणाऱ्यांनी तर जरूर वाचावा.

पण ‘प्रार्थना व उपास यांवाचून ही जात निघत नाही’ असं येशूच म्हणाला ना?

मार्क 9:29. ‘ही जात’ म्हणजे भुतांची. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तिथे फक्त ‘प्रार्थना’ आहे, ‘व उपास’ हे शब्द नंतरच्या प्रतींत दिसतात. मत्तयातलं समांतर वचन (17:21) तर जुन्या प्रतींत नाहीच, म्हणून अनेक भाषांतरांत ते कंसात किंवा तळटीपेत असतं. एका वादग्रस्त शब्दावर भूत काढण्याचं शास्त्र उभारू नये.

मंडळीने मिळून उपास-प्रार्थना ठेवावी का? गाजावाजा करू नका असंही येशू म्हणतो.

दोन्हींत विरोध नाही. अंत्युखियाची मंडळी मिळून उपास करत होती, तेव्हाच बर्णबा आणि शौल (म्हणजे पौल) यांना सुवार्ता सांगायला पाठवायचं ठरलं (प्रेषितांची कृत्ये 13). मंडळीचा उपास सगळ्यांना माहीत असणारच. येशूने हरकत घेतली ती दिखाऊपणाला: स्टेटसला ‘डे 12’ टाकणं, मागच्या बाकावरच्या बाईने उपास धरला की नाही याची चौकशी करणं.

आपल्याच मातीतलं उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशनचं. 1905 मध्ये पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुलींचे प्रार्थनागट सुरू केले. त्याच वर्षी तिथे जी आत्मिक जागृती झाली तिची दखल परदेशातल्या मंडळ्यांनीही घेतली. त्या मुली आणि बाया कोण होत्या, तर पुष्कळशा दुष्काळातून वाचवून आणलेल्या. भूक म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

घरचे सगळे हिंदू आहेत. त्यांना काय सांगू?

सरळ सांगा: आज उपास आहे. महाराष्ट्रात हे वाक्य कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. सासूबाई बहुधा खिचडी टाकतील. प्रेमाने केली असेल तर दोन घास खा. त्याने उपास मोडला असं मी मानत नाही.

मोबाइलचा, सिरियलचा उपास चालतो का?

जोड म्हणून चांगला. मात्र तब्येत ठणठणीत असताना अन्नाऐवजी तेवढाच धरला, तर भूक काय असते ते कळायचं राहून जातं.

मुलांनी करावा का?

जेवण सोडायला लावू नका, वाढीचं वय असतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला शुक्रवारचं चॉकलेट सोडून ते पैसे डब्यात टाकणं छान जमतं, कधी कधी मोठ्यांपेक्षा चांगलं.

वाचलेल्या जेवणाचं काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, आणि यशया 58 अख्खा याच्यावर आहे. उपासाच्या दिवशी मजुरांना पिळता, भांडता, आणि वर देव बघत नाही म्हणून तक्रार करता, असं संदेष्टा लोकांना सुनावतो. देवाला आवडणारा उपास कोणता, तर जुलमाच्या गाठी सोडणं आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं.

सुरुवातीच्या मंडळीने हे शब्दशः घेतलं. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या लेखनात रीतच दिली आहे: उपासाच्या दिवशी तुमच्या जेवणाला किती खर्च आला असता तो मोजा आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. त्याच शतकात अरिस्तीदेस नावाचा ख्रिस्ती लेखक रोमी सम्राटाला आपल्या लोकांची ओळख करून देताना लिहितो की, आमच्यात कोणी गरीब असला आणि द्यायला जास्तीचं काही नसलं, तर आम्ही दोन-तीन दिवस उपास करून त्याच्या अन्नाची सोय करतो.

तेव्हा हिशोब करा. बाहेर जेवत असाल तर थाळीचे पैसे, घरी जेवत असाल तर अंदाजे. ते दानपेटीत टाकण्यापेक्षा थेट कोणाला तरी द्या: सोसायटीचा वॉचमन, भांडी घासायला येणारी मावशी, दवाखान्याबाहेर पेशंटसोबत थांबलेलं एखादं खेडेगावचं कुटुंब. रक्कम लहानच असेल. देताना “आज माझा उपास होता” हे सांगायचं नाही.